मनाईकाकांची हद्द

माझी मुलगी दुसरीत असताना तिनं कारल्याच्या भाजीवर स्टे आणला होता. खोटं सांगत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर रीतसर कागद डकवलेला होता : ‘प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत सदर घरात कारले शिजवण्यास मनाई आहे. हुकमावरून.’ खाली आमच्या घरमालकांची सही.

बायको म्हणाली, “भाडं आपण देतो, भाजी आपण आणतो, गॅस आपला, आणि हुकूम त्यांचा?”

मी म्हटलं, कायद्याचा मान राखायला हवा. मला कारलं आवडत नाही, हा भाग वेगळा. त्या प्रकरणाचा निकाल अजून लागलेला नाही.

आता आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, पण घरी पाहुणे जमले आणि जेवणं उरकली, की कुणीतरी म्हणतंच, “ते मनाईकाकांचं सांगा ना.” मग मी सांगतो, बायको दुरुस्त्या करते, आणि मुलं माझ्या आधी शेवट सांगून टाकतात. इथं लिहायला बसलोय ते मुख्यतः कुणी मध्ये बोलू नये म्हणून.

काका दिवाणी कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद लोकांच्या दारात नेऊन देणारा माणूस. ‘बांधकाम थांबवा’ असं न्यायाधीश खुर्चीत बसून लिहितात. पण ते चालू बांधकामासमोर, गवंड्यांच्या, कुत्र्यांच्या आणि मालकाच्या मेहुण्यांच्या देखत मोठ्यानं वाचायला कुणीतरी लागतं. सबंध नोकरीभर काकांनी तेच केलं, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी सांगितलेलं नसताना चालू ठेवलं.

त्यांचं घर नाशिकरोडच्या बाजूला. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू. जिन्यात त्यांच्या वळणदार अक्षरातल्या पाट्या. ‘जिन्यात उभे राहून मोबाईलवर भांडण्यास मनाई.’ ‘रविवारी दुपारी मिक्सर लावण्यास मनाई.’ ‘पेरूच्या झाडाखाली उभे राहून वर पाहण्यास मनाई.’ ही शेवटची पाटी आम्ही राहायला आल्यानंतर चौथ्या दिवशी लागली. माझ्यावर संशय घ्यायला त्यांच्याकडं काही पुरावा नव्हता. देठं मी पलीकडच्या प्लॉटमध्ये टाकत असे.

आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशी टेम्पो दारात उभा, हमाल घाईत, डोक्यावर ऊन, आणि काका फाटकात उभे राहून घराच्या अटी वाचून दाखवतायत. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्यांनी पंच म्हणून उभं केलं होतं. बायको माझ्या कानात म्हणाली, “घर भाड्यानं घेतोय, की आपल्यावर जप्ती आलीय?”

कुणाच्याही घरी गेले, की ते उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहायचे आणि घरातल्या माणसाचं नाव पूर्ण उच्चारायचे, बापाच्या नावासकट. एकदा माझी आई गावाहून आली होती. दारात उंच, सडसडीत माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि धीरगंभीर आवाजात माझं आख्खं नाव. आईनं तिथल्या तिथं कपाळाला हात लावला. “काय करून ठेवलंस रे?”

“काही केलेलं नाही,” काका म्हणाले. “आमच्याकडं डोसे केलेत. यांनी सहकुटुंब जातीनं हजर राहावं.”

एकाच व्यक्तीवर त्यांची बजावणी कधी झाली नाही. काकू. काकांचे हुकूम त्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधत. “कागद जाड असतो हो ह्यांचा,” म्हणायच्या, “मुंग्या जात नाहीत.”

लासलगावची गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. तिथला एक कांदा व्यापारी कोर्टाचा कागद घ्यायचं टाळत होता. काका दिसले की हा गायब. एकदा तो कांदा साठवायच्या चाळीत ढिगाआड दडला. काकांना चपला दिसल्या, माणूस दिसेना. काका ढिगासमोर उकिडवे बसले आणि मनाई हुकूम पहिल्यापासून वाचायला लागले. संथ लयीत, चतुःसीमेसकट. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. उत्तरेपर्यंत आले तेव्हा ढिगाआडून जांभई ऐकू आली. काकांनी पंचांकडं पाहिलं आणि लिहिलं : ‘प्रतिवादीने जांभई देऊन हुकूम स्वीकारला.’

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात अजून चालतं. “हुकूम म्हणजे भिंत नव्हे, रेघ. भिंत ओलांडायला शिडी लागते. रेघ ओलांडायला नुसता निर्लज्जपणा पुरतो. म्हणून रेघेची जास्त काळजी घ्यायची.” बायको हे वाक्य मला फ्रिजमधल्या गोडाच्या डब्याबाबत ऐकवते.

आता त्या रेघेची गोष्ट.

कॉलनीत दोन गल्ल्या, वरची आणि खालची, आणि प्रत्येकीला एकेक भाई. आमच्या खालच्या गल्लीचा भाई पिंट्या. ताराबाईंचा मुलगा. ताराबाई विधवा, चौकात पोळीभाजी केंद्र चालवायच्या, आणि त्यांच्या पोळ्यांवर निम्मी कॉलनी जगायची. पिंट्या लहानपणी आमच्या पोरांना सायकल शिकवायचा. पुढं त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायला लागले. गॉगल, गळ्यात साखळी, खाली ओळीनं शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. मग एका वर्षी भररस्त्यात केक कोयत्यानं कापला. काकू गच्चीतून म्हणाल्या, “अरे, सुरी नव्हती तर मागायची, आमच्याकडं आहे.”

तोवर हसण्यावारी चाललं होतं. मग वरच्या गल्लीतल्या पोरांनी खालच्या एकाला चौकात धरून डोकं फोडलं. आणि दोन दिवसांनी सकाळी उठून पाहतो तर दोन्ही गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांचा सडा. माझ्याही गाडीची मागची काच गेली होती. पुढची पाळी कुणाच्या तरी जिवाची, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग हवालदार आला. थोराड, घामेजलेला, समजूतदार चेहऱ्याचा माणूस. कुणी काही पाहिलंय का, विचारत दारोदार फिरला. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. एक जण बाथरूममध्ये होता. मी त्या दिवशी परगावी गेलो होतो, असं मी त्याला सांगितलं, मागून बायको म्हणाली, “कधी?”

हवालदार म्हणाला, “साहेब, नाव गुप्त ठेवतो आम्ही. तडीपारीच्या प्रस्तावाला साक्षीदार लागतात. माणूस मेल्यावर पकडण्यापेक्षा, त्याच्या आधीच दोघा म्होरक्यांना जिल्ह्याबाहेर काढलं तर बरं नाही का?”

बरंच होतं. पण आमच्या गल्लीत सगळ्यांना हे बरं दुसऱ्या कुणीतरी करायला हवं होतं.

काका खाली फाटकात उभे होते. “माझा जबाब घ्या,” म्हणाले. “काचा फोडताना मी पाहिलंय. खिडकीत होतो.”

“बरं काका. नाव लिहीत नाही तुमचं.”

“का? मी काय काचा फोडल्यात? नाव लिहा. वडिलांचं नाव लिहा. पत्ता लिहा.”

“काका, पोरं वाईट आहेत.”

“म्हणूनच अक्षर चांगलं काढा. त्यांना वाचता यायला पाहिजे.”

आणि एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले? त्याच संध्याकाळी ते ताराबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. पिंट्या आतच होता. “तुझ्या मुलाविरुद्ध मी आज जबाब दिलाय,” काका म्हणाले. “तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून आलो. चार पोळ्या दे, आमच्याकडं आज पीठ संपलंय.”

ताराबाईंनी पोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच्या टोळीतली सहा-सात पोरं काकांच्या फाटकासमोर मोटारसायकली लावून बसली. नुसती बसली. मी वरून पडदा किंचित बाजूला करून लक्ष ठेवून होतो, म्हणजे गरज पडली तर पडदा पुन्हा लावता यावा. काका स्टूल घेऊन बाहेर आले, स्टुलावर चढले, आणि एकेकाचं पूर्ण नाव वाचू लागले. बापाच्या नावासकट, बापाच्या नोकरीसकट. “अमुक तमुक, वडील नगरपालिकेतून सन्मानानं निवृत्त.” आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले. तिसऱ्या नावाला एक मोटारसायकल सुरू झाली. पाचव्या नावापर्यंत रस्ता मोकळा.

“बापाचं नाव ऐकलं,” काका स्टूल घेऊन आत येता येता म्हणाले, “की गुंडाचा पुन्हा मुलगा होतो.”

हुकूम निघाला. नाशिक शहर आणि जिल्ह्याच्या हद्दीतून पिंट्या दोन वर्षं तडीपार. वरच्या गल्लीच्या भाईलाही वेगळा हुकूम निघाला, तो धुळ्याकडं गेला. पिंट्या संगमनेरला मामाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. कॉलनीत एवढी शांतता पसरली की सुरुवातीला आम्हाला झोपच येईना.

वर्ष उलटलं आणि पिंट्याच्या बहिणीचं, वैशालीचं लग्न ठरलं. वैशाली एका दवाखान्यात नर्स. मुलगा विमा विकायचा. गोरागोमटा, नम्र, प्रत्येक वाक्याआधी ‘सर’ म्हणणारा. सगळं छान जुळलं होतं. पण वैशालीनं सांगून टाकलं, “पिंट्या नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही.”

लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालतो तो भाऊ, आणि नवऱ्याचा कान पिळतो तोही भाऊच. ‘बहिणीला नीट सांभाळ’ हे कान पिळून सांगायचं असतं. ताराबाई म्हणाल्या, “चुलतभाऊ पिळेल की.” वैशाली म्हणाली, “चुलतभावाला मी राखी बांधते का? वडील गेले तेव्हा माझा हात कुणी धरला होता?”

तिनं काही दिवसांची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला. नामंजूर झाला. लग्नात दोन्ही गल्ल्या जमणार, पिंट्या दिसला की जुनं उकरून निघणार, असं कारण. तसं चूकही नव्हतं ते. मग पिंट्याचा फोन आला, “मी येतो गुपचूप. तोंडाला रुमाल बांधतो, कान पिळतो आणि सुटतो.” सापडला असता तर सरळ तुरुंग. ताराबाई रडत आमच्याकडं आल्या, कारण काकांकडं जायची त्यांना छाती होईना. ज्या माणसाच्या जबाबावर मुलगा गेला, त्याच्यापुढं काय पदर पसरणार?

पण आमच्याकडं बोललेलं सगळं जिन्याखाली काकांना ऐकू जात असे. ते वर आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“हुकूम आणलाय का?”

ताराबाईंनी पिशवीतून काढून दिला. काकांनी उभ्या उभ्या तो दोनदा वाचला.

“यात लिहिलंय, नाशिक जिल्ह्यात येऊ नये. बहिणीचा भाऊ असू नये, असं कुठं लिहिलंय?” त्यांनी कागद परत केला. “रेघेच्या पलीकडं तो मोकळा माणूस आहे. तो रेघेच्या आत येऊ शकत नाही, तर लग्न रेघेबाहेर जाईल. वधूला तडीपारी नाही, वराला नाही, माझ्या माहितीप्रमाणं भटजींनाही नाही.”

ताराबाई म्हणाल्या, “पण तुम्हीच तर त्याला…”

“हो, मीच. ते वेगळं, हे वेगळं.”

मुलाकडच्यांची अट एकच : आजीचे गुडघे दुखतात, तेव्हा नाशिकहून तासाभराच्या पलीकडं वऱ्हाड जाणार नाही. संगमनेर बाद झालं. मग काका मला आणि माझ्या गाडीला घेऊन पुण्याच्या रस्त्याला लागले. घाट संपला, सिन्नर मागं पडलं, आणखी बरंच पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला चकचकीत पाटी दिसली : ‘अहिल्यानगर जिल्ह्यात आपले स्वागत आहे.’ जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा नव्यानं लावलेली, रंग ताजा. पाटीपासून हाकेच्या अंतरावर, पलीकडं, एक मंगल कार्यालय होतं. हिरवळ, शामियाना, दारात प्लास्टरचे दोन हत्ती.

काका गाडीतून उतरले. पाटीच्या अलीकडं एक पाय आणि पलीकडं एक पाय टाकून उभे राहिले. एवढा प्रसन्न चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

“गावात विचारून घ्यायचं का कुणाला, हद्द नक्की कुठं ते?” मी म्हटलं. खरं तर मला चहा प्यायचा होता.

“सरकारनं लोखंडावर लिहून दिलंय,” काका म्हणाले. “त्याच्यावर तुम्ही पानटपरीवाल्याची साक्ष काढणार?”

पत्रिकेतला मजकूर त्यांनीच तपासला. ‘आपल्या आशीर्वादाची अपेक्षा आहे’ हे खोडून ‘समक्ष हजर राहावे’ असं केलं होतं, ते वैशालीनं पुन्हा बदलून घेतलं.

लग्नाच्या दिवशी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. पिंट्या संगमनेरहून आला. फेटा, क्रीम रंगाचा कुर्ता, गळ्यातली साखळी काढलेली. वर्षभर ग्रीसमध्ये हात घालून नखं काळी झाली होती, ती तो सारखी पाठीमागं लपवत होता. वैशालीनं त्याला पाहिलं आणि मेकअपवालीची सकाळची मेहनत वाया गेली. तो थोराड हवालदारही साध्या कपड्यांत आला होता; अर्ज नामंजूर झाल्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी म्हणून वरून पाठवलेला. त्यानं पिंट्याला पाहिलं, पाटी पाहिली, आणि जेवणाच्या मांडवाकडं वळला.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. गुरुजी होमाची तयारी करत होते. काका कृतार्थ मुद्रेनं कार्यालयाच्या मालकाच्या वडिलांशेजारी जाऊन बसले. म्हातारे गडी, पांढरं धोतर, टोपी. सवयीनं काकांनी विचारलं, “जमिनीचे दस्त करायला तुम्हाला अकोले लांब पडत असेल की संगमनेर?”

“अकोलं कशाला?” म्हातारा म्हणाला. “आमचं समदं सिन्नरला.”

काकांनी पाय खाली घेतले. “सिन्नर तर नाशिक जिल्ह्यात येतं.”

“मग आमी बी नाशकातच हाय की. हद्द त्या वढ्याला.” त्यानं मांडवामागच्या कांदे काढलेल्या शेतापलीकडं बोट दाखवलं. “पाटी पयली तिथंच व्हती. नवी लावाया आले तवा तिथं खडक लागला. पोरं म्हनली, कोन खांदत बसतंय? आनली अलीकडं.”

मी शेजारीच होतो, हातात पिस्ता बर्फी. मला वाटलं, काका आता म्हणतील, बरं झालं कुणाला माहीत नाही. मी त्या माणसाच्या घरात सात वर्षं भाडं भरलं होतं, आणि तरी मला असं वाटलं.

काका उठले आणि खुर्च्यांच्या रांगा कापत सरळ जेवणाच्या मांडवात गेले.

“हवालदार, लिहून घ्या.”

“काका, आधी मठ्ठा घ्या. फर्स्टक्लास झालाय.”

“हुकमाचा भंग झालेला आहे. तडीपार इसम सकाळपासून नाशिक जिल्ह्यात आहे. त्याला मी आणलंय. त्याच्या आधी माझं नाव लिहा.”

ताराबाई तिथंच वाढत होत्या. त्यांच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. पिंट्या मांडवाच्या खांबाशी उभा होता. त्याचा चेहरा एकदम पंधरा वर्षांचा झाला. मी काकांची बाही ओढली. “काका, अहो, ज्याच्यासाठी एवढं केलंत त्याला हातानं बांधून देताय?” पलीकडून काकू म्हणाल्या, “ह्यांच्या तोंडात कुणीतरी लाडू कोंबा रे!”

हवालदारानं ताट खाली ठेवलं. रुमालानं एकेक बोट पुसलं. त्यानं लिहिलं तर पिंट्या इथून थेट कोठडीत जाणार होता, आणि वैशाली अर्ध्या लग्नातून उठणार होती. ती उठायलाही लागली होती.

“कोण म्हणतं हा नाशिक जिल्हा आहे?” हवालदारानं विचारलं.

“जमिनीचा मालक.”

“आणि रस्त्यावरची पाटी कुणाची?”

“सरकारची.”

“म्हणजे सरकारनं लावलेली पाटी खोटी आहे, अशी तुमची तक्रार. बरोबर?” हवालदारानं खिशातून कागद काढला. “मग आधी तेवढं लेखी द्या. सही करा. वडिलांच्या नावासकट.”

काकांनी पेन काढलं. टोपण उघडलं. आणि हात थांबला. सगळी हयात ज्या माणसानं सरकारी अक्षराखाली स्वतःचं डोकं ठेवलं होतं, त्याला आता सरकारी अक्षर खोटं म्हणून लिहायचं होतं.

“पाटी,” ते अखेर म्हणाले, “सरकारी आहे.”

“मग?”

“सरकारी पाटीवर विसंबून वागणारा माणूस दोषी ठरू शकत नाही.” हे ते असं म्हणाले, जणू समोर कुणी ते लिहून धरलंय.

“तेच म्हणतो मी. मठ्ठा पिऊ आता?”

“प्या. पण मला आता खरं कळलंय. कळल्यावर एक मिनिट जरी तो इथं थांबला, तर पाटी आम्हाला वाचवणार नाही.” काका वळले. “पिंट्या! ओढ्यापलीकडं हो. पळू नकोस, चालत जा. पळालास तर फरारी दिसशील!”

पिंट्या निघाला. फेटा सावरत, ढेकळांतून, मागं न बघता. ओढा कोरडा ठणठणीत होता; तो पलीकडं चढून उभा राहिला.

गुरुजींनी हात जोडले. “आता भाऊ तिकडं आणि अग्नी इकडं. मी काय करू? माझं तीनला आणखी एक लग्न आहे.”

“अग्नी तिकडं न्या,” काका म्हणाले.

“अग्नी असा चालवत नेतात का कुठं?”

“होमकुंड तांब्याचं आहे. त्याला दोन कड्या आहेत. त्या कशासाठी दिल्यात?”

गुरुजींनी कड्यांकडं पाहिलं. एवढी लग्नं लावली, पण हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

एक कडी नवऱ्याच्या मामांनी धरली आणि दुसरी मी, ओल्या टॉवेलनं. मी पुढं झालो असं मी सांगतो. बायको म्हणते मला ढकललं. पेटतं होमकुंड घेऊन आम्ही शेतातून निघालो. वारा नेमका माझ्या बाजूला. माझी उजवी भुवई त्या दिवसापासून जरा विरळ आहे. मागं गुरुजी तुपाची वाटी घेऊन मंत्र पुटपुटत, त्यांच्या मागं शालूचा घोळ हातात धरलेली वैशाली, आणि तिच्या शेल्याला उपरण्याची गाठ बांधलेला नवरा, अनवाणी. त्याचे बूट मेहुण्यांनी पळवले होते आणि या गडबडीत कुठं ठेवले तेच कुणाला आठवेना. ढेकूळ टोचलं की तो म्हणायचा, “सॉरी, सर.” कुणाला म्हणायचा, देव जाणे.

नवऱ्याकडच्या एक आत्या कौतुकानं म्हणाल्या, “यांच्यात अग्नी शेतातून मिरवायची पद्धत दिसते. छान आहे, नाही?” आणि व्हिडिओवाला मागं मागं चालत ओरडत होता, “मामा, एकदा परत येता का तेवढं ओढ्यापर्यंत?”

पलीकडच्या काठावर कुंड टेकलं. पिंट्यानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. निम्म्या खाली सांडल्या. मग गुरुजी म्हणाले, “हं, आता कान.”

नवऱ्यानं कान पुढं केला. त्याला सगळं ठाऊक होतं, कोयत्याचा केकही. तो डोळे मिटून उभा राहिला. पिंट्याची काळी नखं त्याच्या कानापाशी गेली आणि थांबली. नुसता स्पर्श केल्यासारखं केलं त्यानं.

“पिळा की, भाऊ,” नवरा डोळे न उघडता म्हणाला.

“अरे नीट पिळ,” वैशाली म्हणाली. “यासाठी गाव गोळा करून आणलाय.”

तेव्हा पिंट्यानं कान पिळला. असा पिळला, की नवरा पायाच्या बोटांवर आला. आणि मग पिंट्यानं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हमसाहमशी रडला. नवरा त्याला थोपटत होता, एका हातानं. दुसरा हात कानावर होता.

पाठवणीला पिंट्या ओढ्यापर्यंतच आला. बहीण शेत ओलांडून गाडीत बसली, नाशिकच्या दिशेनं गेली, धूळ खाली बसली, तरी तो काठावर उभाच. बाकी सगळे आवराआवरीला लागले. काका दिसेनात. काकूंनी माझ्या हातात एक भरलेलं ताट दिलं. “ते दोघंही जेवले नाहीयेत. नेऊन द्या.”

पाहतो तर पलीकडच्या काठावर, बाभळीच्या सावलीत, काका मांडी घालून बसलेले आणि शेजारी पिंट्या. मी ताट मध्ये ठेवलं आणि जरा रेंगाळलो.

“काका,” पिंट्या म्हणाला, “एक विचारू? मी परत आलो, आणि परत काही केलं, तर तुम्ही परत जबाब द्याल?”

“त्याच दिवशी.”

“आज एवढं सगळं करून?”

“आजचं आज झालं.”

पिंट्यानं शेतापलीकडच्या रस्त्याकडं पाहिलं. मग त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून.

“काका, तुम्ही लय बेक्कार माणूस आहात.”

“आहे,” काका म्हणाले, आणि ताट त्याच्याकडं सरकवलं. “जिलेबी घे.”